भिंगरी बिळात असताना

सायाळीनं भुईमूग खाल्ला तेव्हा उत्तमरावनं चार शिव्या हासडल्या आणि सोडून दिलं. केळीची बुडं कुरतडली तेव्हा नशिबाला बोल लावला. पण रताळ्याच्या वाफ्यात एका रात्रीत तीन ओळी उकरलेल्या दिसल्या, अर्ध्या खाल्लेल्या आणि अर्ध्या नुसत्या चावून थुंकलेल्या, तेव्हा मात्र त्याचं टाळकं सटकलं. अहो, खायचं तर पोटभर खा, नासधूस कशापायी? वाफ्यात वीत-वीत लांबीचे काळे-पांढरे काटे पडले होते. जणू येऊन गेल्याची पावतीच.

वावर सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोदपासून सहा मैलांवर. वावराच्या टोकाला एक टेकाड होतं आणि त्या टेकाडात सायाळीचं बीळ. बाप होता तोवर दर हिवाळ्यात धुरी व्हायची. टेकाडाच्या पाठीमागे, नाल्याकडच्या तोंडाशी, माय गवऱ्या आणि मिरच्या पेटवून सुपानं धूर आत घालायची, आणि पुढच्या तोंडाशी बाप भाला घेऊन उभा. घरातली कामंच तशी वाटलेली होती. बाप जाऊन दोन वर्षं झाली, धुरी बंद पडली, आणि सायाळीचं राज्य सुरू झालं.

अशात एका बाजाराला उत्तमराव जळगावच्या एका दाणेवाल्याच्या गोदामापाशी उभा होता. आत पोत्यांची थप्पी हलवत होते. एक वाळकासा म्हातारा दाराशी उकिडवा बसला होता आणि त्याच्या पायाशी मांजरापेक्षा थोडी मोठी, खरखरीत केसांची, पांढरी कुत्री. एक कान तेवढा तपकिरी. पोतं हललं की उंदीर पळायचा, आणि उंदीर पळाला की ती कुत्री अशी गर्रकन फिरायची की डोळ्याला नुसती रेघ दिसावी. एक चावा, एक झटका, पुढचा. उत्तमरावनं मोजले, अकरा झाले. मग त्यानं मोजायचं सोडलं आणि म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसला.

"सायाळ मारते का ही?"

"मारत नाई. धरून ठेवते. भोकात जाऊन समोर उभी राह्यते अन् भुकते. मानसानं वरून खंदायचं." म्हाताऱ्यानं बिडी कानामागे खोचली. "माह्यं नाव जानराव. हिचं भिंगरी."

जानराव उमेदीत रेल्वेच्या एका गोऱ्या इंजिनियरकडे खलाशी, म्हणजे हरकाम्या, होता. साहेबाला या कुत्र्यांचा नाद. सत्तेचाळीस साली साहेब बोटीत बसला आणि कुत्र्यांची जोडी जानरावच्या पदरात टाकून गेला. सोळा वर्षं जानरावनं त्यांचा वंश टिकवला. भिंगरीची माय गेल्या उन्हाळ्यात साप चावून गेली. आता त्या रक्ताची ही एकच उरली होती.

"सायब म्हने, टेरिअर," जानराव सांगायचा. "म्या म्हटलं, मातीतलं कुत्रं म्हना ना. सोपं पडते."

उत्तमरावला हे काम शिकायचं होतं. भिंगरीला पिल्लं झाली की त्यातलं एक त्याला द्यायचं, असं ठरलं. पण त्याआधी त्यानं एक बीळ नीट काढून दाखवायचं. कुत्रं कोणालाही देता येतं, म्हणायचा जानराव, पण अडाण्याच्या हाती दिलं तर ते पहिल्याच बिळात मरतं.

"पयले कुत्र्याले नाई, तुलेच शिकवा लागते बे," तो म्हणाला. "गळ्यात पट्टा नाई, दोरा नाई, देवाचा गंडा नाई. मुळीले अडकला का संपलं. भोकात कुत्रं गेलं का आपलं तोंड बंद. तू हाक मारशीन, थे वळून पाहीन, अन् सायाळ पाठ फिरवून त्याच्या डोयात काटे घालीन. समजलं का?"

"समजलं."

"काई समजलं नाई. जमिनीले कान लाव."

तीन महिने हेच. जळगावबाहेरच्या माळावर जुन्या बिळांवर उत्तमराव पालथा पडून राहायचा, भिंगरी आत कुठंतरी घुशीमागे असायची आणि ती नेमकी कुठं भुंकते ते यानं हातानं दाखवायचं. मुंग्या चावून कान भज्यासारखा सुजला. जानराव दातात काडी घालून हसायचा. "तिकडे नाई लेका, तिकडे तं माह्यी सासुरवाडी हाये!" पण हळूहळू कान उघडला. मातीतून येणारा आवाज आधी नुसता घुमायचा, मग त्याला जागा आली, मग खोलीही आली.

दुपार झाली की जानरावच्या घरी जेवण. त्याची बायको बनाबाई ज्वारीची गरम भाकर आणि ठेचा वाढायची. पहिल्या दिवशी भाकर समोर आली तेव्हा उत्तमरावचा हात क्षणभर थांबला होता. जानरावचं घर बौद्धपुऱ्यात, सात वर्षांपूर्वी त्यानं दीक्षा घेतलेली. त्या घरात उत्तमरावच्या सात पिढ्यांत कोणी पाणी प्यायलं नव्हतं. जानरावनं तो थांबलेला हात पाहिला आणि दुसरीकडे बघितलं. मग उत्तमराव जेवला. चांगला दोन भाकरी जेवला. पुढं तर बनाबाईची भाकर नसली तर त्याला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

घरी मात्र यातला चकार शब्द नाही. आठवड्यातून दोनदा सायकल काढायची आणि सांगायचं, सोसायटीच्या हापिसात काम आहे. बायको गीताबाईला सांगितलं नाही, तर मायला कुठून सांगणार? माय म्हणजे तानाबाई. गावात तिच्या तोंडाला लागायची पाटलाचीसुद्धा छाती नव्हती. तिला कळलं तर घर डोक्यावर घेईल, हे उत्तमरावनं मनाशी धरूनच ठेवलं होतं. तिला विचारलं मात्र कधीच नाही. अहो, मोठ्या भाल्यानं सायाळीपुढं उभं राहायला निघालेला हा गडी, पण मायपुढं शेळी.

पौषातल्या एका सकाळी तो घरून निघाला. जाता जाता एवढंच बोलला, "माय, आज सायाळीचा निकाल लावतो. भाकर पाठवू नका, मीच येतो."

तानाबाई चुलीपाशी होती. तिचं तोंड खुललं. "लाव बापा, लाव. तुह्या बापाच्या मांगं कोनं लक्षच नाई देल्लं."

जानराव नाल्यानाल्यानं आला. गावातून येऊ नको असं उत्तमराव त्याला थेट बोलला नव्हता. "नाल्याची वाट जवळची पडते" असं म्हणाला होता. जानरावला काय ते कळलं असणार. भिंगरी त्याच्या खांद्यावरच्या झोळीतून डोकं काढून वारा खात होती.

बिळाला तोंडं तीन. एक पुढचं, वावराकडचं. एक वर, टेकाडाच्या माथ्यावर. एक मागे, नाल्याकडचं. पहिल्यांदा मागचं आणि वरचं बुजवायचं. उत्तमराव दगड उचलायला लागला तसा जानराव खेकसला, "दगड काऊन? आत जीव जाऊन राह्यला ना आपला! हवा नको का त्याले? काटे घाल." मग त्यांनी वाळलेल्या बोराट्या ओढून आणल्या आणि दोन्ही तोंडांत गच्च कोंबल्या. सायाळ त्यातून निघत नाही आणि वारा मात्र जातो.

जानरावनं भिंगरीला पुढच्या तोंडाशी उतरवलं. तिचं अंग थरथरत होतं, भीतीनं नव्हे, घाईनं. तिनं एकदा मातीचा वास घेतला आणि शेपूट दिसेनाशी झाली.

उत्तमराव कान लावून पडला. थोडा वेळ काही नाही. मग आतून, खोलवरून, भुंकणं आलं. एकसारखं, ठोक्यावर ठोका. तो सरपटत पुढं गेला, मागं आला, पळसाच्या बुंध्यापाशी थांबला आणि तिथं मातीवर हात ठेवला.

"इथं. कमरेएवढं खोल."

जानरावनं स्वतः कान लावला. मग उठून अंगावरची माती झटकली. "बराबर," तो म्हणाला. "खंद."

उत्तमरावला इतका आनंद झाला की विचारू नका. आयुष्यात पहिल्यांदा शाबासकी मिळाल्यासारखा तो कुदळ मारत सुटला. जानराव दुसऱ्या कुदळीनं कडा धरत होता. मांडीएवढं खोल गेलं. खालून भिंगरीचा आवाज आता स्पष्ट येत होता, आणि मध्ये मध्ये सायाळीच्या काट्यांची खुळखुळ.

आणि भुंकणं बदललं.

आधी तुटक झालं. मग भुंकण्यात खोकला मिसळला. जानरावची कुदळ वरच्या वर थांबली. त्यानं नाक वर केलं.

"उत्तम," तो म्हणाला, "मिरची कायची जयते?"

खणलेल्या मातीतून, भेगांतून, निळसर धूर वर यायला लागला होता. उत्तमरावच्या डोळ्यांना झोंबलं. तो उडी मारून खड्ड्याबाहेर निघाला आणि टेकाडाला वळसा घालून मागच्या बाजूला धावला.

तिथं नाल्याकडच्या तोंडाशी तानाबाई बसली होती. पदर नाकाला बांधलेला, दोन्ही हातांत सूप. पुढ्यात बोराट्या तडतडत पेटल्या होत्या, त्यावर गवऱ्या आणि फडक्यात बांधलेल्या मिरच्या, आणि माय जोर लावून सगळा धूर बिळात ढकलत होती. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी ती हसत होती.

"आला का? काटे तं लावून ठेवले पोरानं, इस्तो लावाले इसरला, म्हटलं. जाय, समोर उभा राह्य भाला घिऊन, आता निंगते थे!"

उत्तमरावनं पायानंच जाळ उडवला. जळती बोराटी हातानं ओढून काढली. तळवा भाजला, ते त्याला कळलंही नाही.

"माय! आत कुत्री हाये!"

सूप तानाबाईच्या हातून गळालं. "कुत्री? कोनाची कुत्री?"

आता बघा, माणसाच्या तोंडाला काय होतं ते. खरं तर सांगायला एकच शब्द पुरे होता. उत्तमराव तोंड उघडून उभा राहिला आणि त्या तोंडातून निघालं, "भटकी. भटकी असन. घुसली आत."

बोलून झालं आणि त्यानं वर पाहिलं. टेकाडाच्या माथ्यावर जानराव होता. वरच्या तोंडातल्या बोराट्या उपसून धुराला वाट करून द्यायला तो चढला होता. दोन्ही हात काट्यांनी रक्ताळलेले. त्यानं ऐकलं होतं. हातातली बोराटी त्यानं बाजूला फेकली आणि तो खड्ड्याकडे उतरला.

उत्तमराव त्याच्यामागे धावला. जानराव खड्ड्यात पालथा पडून हातांनी माती उकरत होता. आतून आवाज नव्हता. काहीच नव्हता. मातीचा एक पापुद्रा आत ढासळला, धुराचा भपकारा आला, आणि जानरावनं खांद्यापर्यंत हात घातला. बराच वेळ तो तसाच पडून होता. मग हळूहळू हात बाहेर आला, आणि हातात मागचे दोन पाय.

भिंगरी मातीनं आणि काजळीनं काळी झाली होती. जीभ बाहेर, जबड्यात दोन काटे रुतलेले. पोट हलत नव्हतं. जानरावनं तिला मांडीवर घेतलं आणि बसला. सोळा वर्षांचा सांभाळ त्याच्या मांडीवर पडला होता.

"सरक बाजूले," मागून आवाज आला.

तानाबाई पदर खोचून खड्ड्यात उतरली. तिनं जानरावच्या मांडीवरून कुत्री उचलली, मागच्या पायांनी धरली आणि दोनदा, तीनदा जोरानं हेलकावली. तोंडात बोट घालून माती आणि चिकटा काढला. मग तिचं तोंड मुठीत मिटून नाकावर स्वतःचं तोंड ठेवलं आणि फुंकलं. शेळीचं करडू निपचित जन्मलं की गावातल्या बायका असंच करतात. पण कुत्र्याला तसं करताना कोणी पाहिलं नव्हतं.

फुंकलं. थांबली. फुंकलं. थांबली. देवा, एकदा श्वास घे, एवढंच उत्तमरावच्या डोक्यात फिरत होतं.

सहाव्या की सातव्या वेळी भिंगरीचं अंग आचकलं. मग एक खोकला. मग ओकारी, काळी. मग तिनं असा काही श्वास ओढला की फाटका भाता ओढावा.

"जगली!" तानाबाई ओरडली. "जगली वं माय!"

आणि ती ढसढसा रडायलाच लागली. भिंगरी तिच्या मांडीवरून घसरली, डोळे उघडत नव्हते, तरी वास काढत सरपटत जानरावच्या पायाशी गेली. मग तिथून उत्तमरावच्या हाताशी. भाजलेला तळवा तिनं चाटला.

तानाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि जानरावकडे पाहिलं. "कोनाची हो ही, दादा? तुमची हाये का?"

जानरावनं उत्तमरावकडे पाहिलं. रागानं नाही. उत्तमरावनं जमिनीला कान लावल्यावर उत्तराची वाट बघत जसा थांबायचा, तसा थांबला. सांगायला अजून वेळ होता. भरपूर होता. उत्तमरावनं खाली बघितलं.

"रस्त्याची हाये, बाई," जानराव म्हणाला. "म्या इकडून जाऊन राह्यलो होतो. भुकन्याचा आवाज आयकला म्हून थांबलो. आता घिऊन जातो हिले."

त्यानं भिंगरीला झोळीत घातलं, आपली कुदळ उचलली आणि नाल्याकडे चालू लागला.

हा माणूस उत्तमरावसाठी खोटं बोलला होता. कुत्री जवळजवळ मेली त्याहून या गोष्टीनं त्याचं काळीज जास्त हललं.

तानाबाई खड्ड्याकडे बघत होती. म्हातारीचे डोळे मिरचीनं लाल झाले होते, पण आंधळे नव्हते. "वाटसरू मानूस," ती सावकाश बोलली, "घरून कुदय घिऊन निंगते का रे? अन् कमरेएवढा खड्डा खंदते? अन् रस्त्याची कुत्री तुह्या हाताले जीभ काऊन लावते?"

मग त्यानं सगळं सांगितलं. गोदाम, माळ, कान लावणं, तीन महिने. जानराव कुठं राहतो तेही.

तानाबाईनं स्वतःचे हात पाहिले, ओठ पुसले. तिच्या मनात काय उलटंपालटं झालं ते तिचं तिलाच ठाऊक. उत्तमराव वाट बघत होता, आता फुटेल, आता घर डोक्यावर घेईल.

"त्याच्या घरी जेवला?"

"हो."

"किती डाव?"

"जाईन तवा. दर खेपेले."

"अन् त्याच्या बायकोनं हातानं भाकर वाढली तुले. गरम."

"हो, माय."

"अन् त्या भाकरीले तू भटकी म्हटलं?" तानाबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तिथं जेवला म्हून म्या तुले बोलली असती. लय बोलली असती. पन खाल्लेल्या घरचं नाव नाई घेतलं? माह्या पोटचा तू? तुले माह्या शिव्याईचं भेव वाटलं, अन् म्या माह्या हातानं त्याच्या लेकरासारख्या कुत्रीले धुरी देल्ली. माह्या हातानं! सांगतलं असतं तं म्या सूप घिऊन आली असती का रे?"

तिनं त्याला मारलं नाही. तो मारायची वाट बघत होता.

"जाय," ती म्हणाली. "बलाव त्याले. घरी आन. म्या भाकर टाकते."

उत्तमराव पळत सुटला. नाल्यात थोडं पाणी होतं, तिथं जानराव गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्यानं भिंगरीचे डोळे पुसत होता. तिच्या जबड्यातला एक काटा काढून शेजारी ठेवला होता, दुसरा चिमटीत धरला होता.

"जानरावबाबा," उत्तमरावला धाप लागली होती. "माय बलावते. घरी चला. म्या सांगतलं तिले. सगळं सांगतलं. जेवाले चला."

भिंगरीनं आवाज ओळखला. झोळीत तिची शेपटी हलायला लागली.

जानरावनं दुसरा काटा एका झटक्यात काढला. भिंगरीनं क्याँव केलं. त्यानं तिच्या जबड्यावर अंगठा दाबून धरला आणि रक्त थांबेपर्यंत वर पाहिलं नाही.

"बाईले म्हना, लय उपकार झाले. त्याईनं जीव वाचवला हिचा." मग तो उठला, झोळी खांद्यावर घेतली. "सायाळ आतच हाये अजून. मेली असन तं दोन दिवसांत वास सुटीन. जित्ती असन तं आज राती पुन्हा रताळ्यात येते. भोकाचे तिन्ही तोंडं बुजवून घ्या."

"बाबा, आयका तं..."

"पिल्लाचं पाहा दुसरीकडे. बरं, येतो मालक."

मालक! तीन महिन्यांत हा शब्द त्यानं एकदाही वापरला नव्हता. उत्तमराव नाल्याच्या काठावर बसला आणि म्हाताऱ्याची पाठ पळसांमागे दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. त्यापेक्षा फाडफाड चार कानफटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.